शेकरू माळ कसा ओलांडेल?

रायपूरच्या बूढापाऱ्यात डे भवन नावाची जुनी वास्तू आहे. १८७७ साली कोलकात्याचे वकील विश्वनाथ दत्त कामानिमित्त रायपूरला आले, मागोमाग कुटुंब आलं, आणि चौदा वर्षांच्या नरेंद्रची पुढची दोनेक वर्षं या भागात गेली. हा नरेंद्र म्हणजे पुढचे स्वामी विवेकानंद. शेजारच्या बूढा तलावाला आता त्यांचंच नाव आहे आणि पाण्याच्या मधोमध त्यांचा ध्यानस्थ पुतळा बसवला आहे. त्या वेळी या बाजूला आगगाडी नागपूरपर्यंतच होती. तिथून पुढे बैलगाडी, पंधरवड्याहून जास्त दिवस, आणि वाट बहुतेक रानातून. चरित्रकार हा प्रवास आवर्जून सांगतात तो वाटेत त्या मुलाचं भान हरपलं म्हणून. माझं लक्ष मात्र त्या रानाकडे जातं.

त्या रानाचा पट्टा अजून बराच टिकून आहे. भोसल्यांच्या अमलापासून रायपुरात राहत आलेल्या मराठी घरांतली माणसं महाराष्ट्रात गावी निघाली की तो त्यांना दर खेपेला भेटतो. राजनांदगाव मागे पडलं की झाडी, देवरी, नवेगाव-नागझिऱ्याचा परिसर, मग नागपूर, वऱ्हाडची काळी कपाशीची जमीन, आणि पुढे पार अहिल्यानगरपर्यंत उघडा माळ. सह्याद्री लागला की पुन्हा दाट झाडी. रान, माळ, रान. या मांडणीत एक कोडं आहे, आणि ते शेकरूचं आहे.

शेकरू महाराष्ट्राचा राज्यप्राणी. भीमाशंकरला जाणाऱ्यांपैकी अनेकांनी ते पाहिलेलं असतं: तांबूस-तपकिरी पाठ, फिकट पोट, नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत जवळजवळ मीटरभर लांब. उंच झाडांच्या बारीक फांद्यांवर ते काटक्या-पानांचं गोल घरटं बांधतं, एक नव्हे तर अनेक, आणि आलटून पालटून वापरतं. जाड फांदीऐवजी बारीक फांदी निवडण्याचं कारण उघड आहे. तिथे जड शिकारी पोचत नाही. एका झाडावरून दुसऱ्यावर पाच-सहा मीटरची झेप ते सहज घेतं. जमिनीवर मात्र नाइलाज झाला तरच उतरतं, कारण खाली त्याची चपळाई काही कामाची नाही. फांदीला फांदी भिडलेली नसेल तिथे शेकरू नसतं, इतका हा हिशेब सोपा आहे.

आणि हेच जनावर रायपूरच्या दक्षिणेला उदंती-सीतानदीच्या जंगलात आहे, बस्तरात आहे, पचमढीत आहे. रंगाची थोडी उलटापालट सोडली तर जात तीच. भीमाशंकर ते पचमढी सरळ रेषेत सहाशे किलोमीटर. मधे गव्हा-ज्वारीची शेतं, बोरी-बाभळी आणि गवत. शेकरूने हा माळ ओलांडला कसा?

याचं उत्तर आपल्याकडे तयार असतं. पूर्वी सगळीकडे जंगल होतं, माणसाने तोडलं. कुऱ्हाडीवर सगळं ढकलण्याची ही सवय इतकी मुरलेली आहे की माळ म्हणजे उजाड झालेलं जंगल, असंच शाळेपासून मनात बसतं. पण चाळीसगावजवळचं पाटणे गाव याविरुद्ध साक्ष देतं. भारतीय पुरातत्त्व खात्याचे एस. ए. साळी यांनी १९७२-७३च्या सुमारास इथे उत्खनन केलं. अश्मयुगीन हत्यारांच्या थरात त्यांना शहामृगाच्या अंड्यांची कवचं मिळाली. त्यातल्या एका तुकड्यावर दोन समांतर रेघांच्या मधे आडव्यातिडव्या रेषांची नक्षी कोरलेली होती. वय सुमारे पंचवीस हजार वर्षं. अशी कवचं राजस्थान आणि मध्य प्रदेशातही मिळाली आहेत. हे खरंच शहामृग होते का, ही शंका रुरकी आणि हैदराबादच्या शास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये कवचातला प्राचीन डीएनए तपासून मिटवली. तो आफ्रिकेतल्या आजच्या शहामृगाशी जुळला.

शहामृग हा धावणारा पक्षी आहे, त्याला दूरवर दिसणारं उघडं मैदान लागतं. म्हणजे पंचवीस हजार वर्षांपूर्वी खानदेशात असं मैदान होतं. शेती नव्हती, लोखंडाची कुऱ्हाड तर फारच दूर. अलीकडच्या काळाबद्दलही असाच पुरावा पुढे आला आहे. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील यांनी २०२५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात जुन्या मराठी ग्रंथांत आणि ओव्यांत आलेली झाडं मोजली. तेराव्या शतकापासूनच्या या साहित्यात पश्चिम महाराष्ट्राच्या पठाराबद्दल जी झाडं येतात, त्यातली बहुतेक माळावरची, काटेरी, उन्हात वाढणारी आहेत. चक्रधरस्वामींच्या काळीही इथे माळ माळच होता.

मग शेकरूचं काय? त्यासाठी पाऊस कसा बदलत आला ते पाहायला हवं.

हिमयुग म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर युरोपातला बर्फ येतो. भारतात हिमालयाखाली बर्फ नव्हता. इथे हिमयुग आलं ते अवर्षणाच्या रूपात. शेवटच्या हिमयुगाचा कळस सुमारे एकवीस हजार वर्षांपूर्वी होता. जगाचं पाणी ध्रुवाकडच्या हिमस्तरांत अडकल्यामुळे समुद्र आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होता. मुंबईसमोरचा उथळ समुद्रतळ तेव्हा कोरडी जमीन होती, कोकण कितीतरी रुंद होतं. आपला नैऋत्य मोसमी वारा उभा राहतो तो उन्हाळ्यात जमीन समुद्रापेक्षा जास्त तापते म्हणून. जमीनही गार, समुद्रही गार, तिबेटवर जास्त बर्फ. वाऱ्याचा जोर मोडला. पाऊस थांबला नाही, पण घटला, आणि कोरडे महिने लांबले.

याची खूण नद्यांनी जपून ठेवली आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजमधले भूशास्त्रज्ञ शरद राजगुरू यांनी प्रवरा, घोड, मुळा-मुठा यांच्या काठचे गाळाचे उंच कडे आयुष्यभर वाचले. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: पाऊस भरपूर असतो तेव्हा नदी गाळ वाहून नेते आणि खोल कापत जाते, पाऊस कमी पडतो तेव्हा तिच्या अंगात तेवढं बळ उरत नाही, गाळ पात्रातच साचतो. घाटाच्या पूर्वेकडच्या नद्यांनी हिमयुगाच्या उत्तरार्धात गाळ साठवला, आणि पुढे पाऊस परतल्यावर त्याच गाळात पुन्हा खोल पात्रं कापली. नीलगिरीत दुसरा दाखला मिळाला. तिथल्या पाणथळीत कुजलेल्या वनस्पतींचे जाड थर आहेत. गवत आणि झाडं कार्बनचे दोन प्रकार वेगवेगळ्या प्रमाणात शोषतात, त्यामुळे थरातला कार्बन मोजला की तिथे कधी गवत जास्त होतं आणि कधी झाडं, ते कळतं. रमण सुकुमार आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये दाखवलं की हिमयुगाच्या कळसाला कोरड्या हवेतलं गवत पसरलं होतं आणि ते सरताच ओलाव्यातल्या वनस्पतींनी जागा घेतली.

या कोरड्या काळात कोण गेलं? पाणघोडा. आज हे वाचून हसू येईल, पण नर्मदा आणि गोदावरीच्या गाळात पाणघोड्यांची हाडं सापडतात. गोदाकाठी नांदूर मध्यमेश्वरला, जिथे आता लोक हिवाळ्यात पक्षी पाहायला जातात, तिथे सापडलेल्या प्राचीन हत्तीच्या प्रचंड कवटीबद्दल गाय पिलग्रिम यांनी १९०५ साली लिहिलं होतं. तीही जात आता जगात नाही. भारतातला पाणघोडा तर सुमारे सोळा हजार वर्षांपूर्वीपर्यंत तग धरून होता. त्याचं दुखणं समजायला सोपं आहे. त्याची कातडी उन्हात फार लवकर सुकते, म्हणून दिवसभर त्याला पाण्यात बुडून राहावं लागतं. नदी बारमाही असेल तरच तो जगतो. मार्चमध्येच पात्र वाळूचं झालं की या अवजड जनावराला जायला जागा नाही. हरीण दहा कोस चालून दुसरं पाणी गाठेल, पाणघोडा गाठणार नाही.

बाकीचे पाऊसवेडे प्राणी मेले नाहीत, ते आक्रसले. उन्हाळ्यात तळं आटतं तेव्हा पाणी एकदम नाहीसं होत नाही, खोलगट जागी डबकी उरतात आणि मासे त्यात गोळा होतात. ओल्या जंगलाचंही असंच झालं. सह्याद्रीच्या पश्चिम उतारावर, पूर्व घाटाच्या खोल दऱ्यांत, सातपुड्याच्या कुशीत ओलावा राहिला, तिथे झाडं राहिली, झाडांबरोबर शेकरू राहिलं. मग सुमारे अकरा हजार वर्षांपूर्वी पृथ्वीच्या आसाच्या डुलण्यामुळे उत्तर गोलार्धातला उन्हाळा अधिक तापू लागला, मोसमी वारा पुन्हा जोमात आला, आणि पुढची काही हजार वर्षं आजच्याहून जास्त पाऊस पडला. डबकी फुगली. काही एकमेकांना भिडली, काही नाही. गेल्या चार-पाच हजार वर्षांत पाऊस पुन्हा थोडा उतरला आणि ती सुटी झाली. हे एकदाच घडलेलं नाही. गेल्या पंचवीस लाख वर्षांत थंडी-कोरड आणि ऊब-पाऊस यांचे फेरे पुन्हा पुन्हा झाले. शेकरूला माळ कधीच ओलांडावा लागला नाही. अशाच एखाद्या ओल्या फेऱ्यात जंगल त्याला घेऊन सरकलं आणि नंतर मधलं जंगल पावसाने काढून घेतलं.

असं सरकून तुटलेलं जंगल कसं दिसतं, याचं सगळ्यात चांगलं वर्णन एका लष्करी माणसाने केलं आहे. कॅप्टन जेम्स फोर्सिथ मध्य प्रांतात वनाधिकारी होते. त्यांचं पुस्तक १८७१ साली आलं. मंडला, बालाघाटपासून छत्तीसगडपर्यंत साल वृक्षाची राज्यं आहेत, पश्चिमेला सागाची. सालाबरोबर काही प्राणी येतात, हे त्यांच्या ध्यानात आलं: बारशिंगा, रानम्हैस आणि तांबडा रानकोंबडा. सागाच्या मुलखात रानकोंबडाही वेगळा, राखी पिसांचा. पण पचमढीच्या पायथ्याला, देनवा नदीच्या खोऱ्यात, मुख्य सालवनापासून दीडशे मैल तुटलेला सालाचा एक तुकडा फोर्सिथ यांना दिसला. आणि त्या तुकड्यात तांबडा रानकोंबडा होता, बारशिंगाही होता. मधल्या प्रदेशात दोन्ही नव्हते. कोंबडा एकवेळ उडून गेला म्हणाल, बारशिंगा कसा गेला?

इथे घाई करू नये. सालाला काळ्या कातळाची जमीन मानवत नाही, पचमढीचा वाळूचा दगड मानवतो. म्हणजे तो तुकडा तिथे टिकण्यात जमिनीचाही हात आहे. पण टिकण्याआधी तो पोचला पाहिजे, आणि पोचण्यासाठी कधीतरी मधला प्रदेश आजच्याहून ओला असायला हवा होता. पचमढीच्या पायथ्याच्या त्या खोऱ्यातले बारशिंगे पुढे संपले. कान्ह्यातही १९७० साली कडक जमिनीवर राहणाऱ्या या उपजातीचे जेमतेम ६६ उरले होते. ती संख्या सांभाळत वाढवली गेली, आणि २०१५ मध्ये कान्ह्यातले काही बारशिंगे सातपुडा व्याघ्र प्रकल्पात, म्हणजे फोर्सिथ यांच्या त्याच टापूत, नेऊन सोडले.

फोर्सिथ यांच्यानंतर सात दशकांनी प्राणिशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी याच धाग्यावर मोठा सिद्धान्त उभा केला. ते माशांचे जाणकार. वेगवान ओढ्यात दगडाला चिकटून राहणारे काही मासे पूर्व हिमालयात आहेत आणि एकदम सह्याद्रीत, मधे काहीच नाही, हे त्यांना दिसलं. त्यांनी म्हटलं की हिमयुगाच्या काळात हे जीव गारो टेकड्यांकडून राजमहालकडे, तिथून विंध्य-सातपुड्याच्या रांगेने पश्चिमेला आणि मग सह्याद्रीने खाली केरळापर्यंत गेले. सातपुडा गृहीतक म्हणून ते प्रसिद्ध झालं. सलीम अलींनी १९४९ साली पक्ष्यांची उदाहरणं देऊन त्याला दुजोरा दिला.

नकाशावर हा मार्ग इतका देखणा दिसतो की त्याच्या प्रेमात पडायला होतं. जनुकांनी मात्र बरेच धक्के दिले. नीलगिरी ताहर आणि हिमालयातला ताहर हे दोन्ही टोकांचे भाऊ मानले जात. २००५ मध्ये कळलं की नीलगिरीचा ताहर मेंढ्यांच्या जवळचा आहे, हिमालयातल्याशी त्याचं नातं वरवरचं. नीलगिरी-पळणीच्या शोलांतले, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या दाट झाडीतले, काही गाणारे पक्षी हिमालयातल्या पक्ष्यांचे अलीकडचे पाहुणे समजले जात, व्ही. व्ही. रॉबिन, उमा रामकृष्णन आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवलं की ते लाखो वर्षं वेगळे वाढले आहेत, इतके की त्यांना दोन नव्या प्रजातींत (जीनस) घालावं लागलं. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतले प्रवीण कारंथ यांनी २००३ सालीच बजावलं होतं की अशा प्रत्येक तुटलेल्या जोडीचा वंशवृक्ष आधी तपासा, मग मार्ग आखा. माझ्या मते होरा दिशेत बरोबर होते आणि वेळापत्रकात चुकले. मधला ओला प्रदेश सुकला म्हणून जीव तुटले, हे खरं. पण काही तुटी शेवटच्या हिमयुगाच्या कितीतरी आधीच्या आहेत.

आता बस्तर. जगदलपूरपाशी कांगेर खोऱ्याचं राष्ट्रीय उद्यान १९८२ साली झालं. छत्तीसगडचा राज्यपक्षी पहाडी मैना इथे राहते: तकतकीत काळं अंग, कानामागे पिवळी धम्मक कातडी, आणि आवाज असा की पिंजऱ्यासाठी पकडून पकडून माणसाने तिला संपवत आणलं. हिमालयाच्या पायथ्याला पहाडी मैना आहे, दक्षिण सह्याद्रीत तिची बहीण आहे, आणि मधे बस्तर-ओडिशाच्या डोंगरांत ही एक वेगळी उपजात, १९३३ साली व्हिसलर आणि किनिअर यांनी नाव दिलेली. विदर्भाच्या सागवनात ती नाही. तिला उंच, पोकळ ढोलीचं झाड आणि वर्षभर फळं लागतात, आणि ती सोय कांगेरसारख्या ओल्या दरीतच होते. हिमयुगात उरलेल्या डबक्यांपैकी हे एक असावं, असा तर्क करायला जागा आहे.

गंमत म्हणजे या मैनेच्या पायाखालीच पावसाची नोंदवही पुरलेली आहे. कांगेरच्या चुनखडीत दंडक, कुटुमसर अशा गुहा आहेत. छतातून ठिबकणाऱ्या पाण्यातला चुना जमिनीवर साचून खुंट वाढतो, वर्षाला मिलिमीटरचा अंश. तो उभा चिरला की आत पट्टे दिसतात. बारीक ड्रिलने पट्ट्यापट्ट्यावरची चिमूटभर भुकटी काढायची, युरेनियम आणि थोरियमच्या प्रमाणावरून वय ठरवायचं आणि ऑक्सिजनच्या जड-हलक्या अणूंचं गुणोत्तर मोजायचं. पाऊस जोरदार पडला असेल तर हलका ऑक्सिजन जास्त सापडतो. अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेने इथल्या खुंटांवर काम केलं. २००७ मध्ये आशिष सिन्हा आणि सहकाऱ्यांनी दंडक गुहेतून इसवी सन ६०० ते १५०० या काळाचा पाऊस मांडला. त्यात चौदाव्या शतकाच्या मध्यापासून मोसमी पाऊस दीर्घकाळ दुबळा झालेला दिसतो. महाराष्ट्रात याच टप्प्यावर १३९६ साली सुरू झालेला दुर्गादेवीचा दुष्काळ लोक शतकानुशतकं विसरले नाहीत. हिमयुगापुढे हा फेरा अगदीच किरकोळ. तेवढ्यानेही गावं ओस पडली.

कुटुमसरच्या अंधारात एक फिकट, जवळजवळ आंधळा, मिशांचा छोटा मासा आहे. त्याला ज्या जातीत घातलं गेलं, तिचं वर्णन फ्रान्सिस डे यांनी १८७२ साली पुण्यातल्या माशांवरून केलं होतं. मुळा-मुठेतला मासा बस्तरच्या गुहेत! सह्याद्रीतल्या या गटातून अलीकडे एकामागून एक नव्या जाती वेगळ्या काढल्या जात आहेत, तेव्हा गुहेतल्या माशाचं नावही कायम राहील असं मी धरून चालणार नाही.

इतकं सांगितल्यावर रानम्हशीकडे वळलं पाहिजे, कारण तिथे पावसाला दोष देता येत नाही. छत्तीसगडचा राज्यप्राणी ती. आसामात एक मोठा गट आणि मध्य भारतात मूठभर, हा नकाशा शेकरूच्या किंवा मैनेच्या नकाशासारखाच दिसतो. पण एकोणिसाव्या शतकापर्यंत गंगेच्या गाळपेरात, बंगालात, ओडिशात रानम्हशी होत्या. मधली साखळी शिकारीने, नांगराने, पाळीव गुरांच्या रोगांनी आणि पाळीव म्हशींशी झालेल्या संकराने तुटली, तीही दोनशे वर्षांच्या आत. उदंतीत शुद्ध माद्या इतक्या थोड्या उरल्या की ‘आशा’ नावाच्या म्हशीच्या पेशींपासून २०१४ साली कर्नालला ‘दीपाशा’ नावाची प्रतिकृती जन्माला घातली गेली. २०२० आणि २०२३ मध्ये आसामच्या मानसमधून रानम्हशी आणून रायपूरपासून शंभरेक किलोमीटरवरच्या बारनवापारात ठेवल्या. मानसचं ओलं गवताळ रान आणि इथलं कोरडं सालवन यांतला फरक दाखवून काही अभ्यासकांनी याला विरोध केला.

विरोध रास्त आहे, पण माझा कल किंचित दुसरीकडे आहे. पावसाने लाखो वर्षांपूर्वी तोडलेल्या दोन मैनांची सरमिसळ कोणी करू लागलं तर ते मूर्खपणाचं ठरेल. पणजोबांच्या काळापर्यंत जोडलेला कळप माणसाने तोडला असेल, तर तो जोडायचा विचार करता येतो. मात्र त्याआधी जवळचं पाहावं. गडचिरोलीच्या सिरोंचा वनविभागात कोलामार्काला २०१३ साली रानम्हशींसाठी संवर्धन राखीव क्षेत्र झालं. इंद्रावतीच्या पलीकडे बस्तरचा कळप आहे. दोन्ही तीर एकाच हवामानातले, एकाच रानातले, मधे फक्त नदी आणि दोन राज्यांची वनखाती. आसामहून ट्रक आणण्यापेक्षा या दोन काठांवरच्या म्हशींची मोजणी आणि राखण एकत्र करणं कितीतरी स्वस्त पडेल.